तिथीची पाऊणपट

माझे आजोबा मालवणजवळच्या कर्ली खाडीवर तर, म्हणजे माणसे पलीकडे नेणारी होडी, चालवत असत. त्या काळी देवबागच्या बाजूने पलीकडच्या काठाला जायचे तर तरीवाचून इलाज नव्हता, आणि तरीच्या सगळ्या फेऱ्या पाण्याच्या चढउतारावर बेतलेल्या असत. आजोबांपाशी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक कधीच नव्हते. कुणी भरतीची वेळ विचारली की ते बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत आणि लगेच उत्तर देत. मी सहावीत असताना एकदा फार मागे लागलो, तेव्हा त्यांनी सांगितले, "तिथीची पाऊणपट कर, भरतीची येळ गावतली." चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पुन्हा पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. आलेल्या उत्तरातून ते आपल्या खाडीपुरते थोडे वजा करत. ते का करतात हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

कोकणच्या किनाऱ्यावर हा हिशेब अनेकांना ठाऊक आहे. मी तो जवळजवळ तीस वर्षे जवळ बाळगला, मित्रांना शिकवला, आणि पुढे भौतिकशास्त्राचा शिक्षक झाल्यावर वर्गातही सांगू लागलो. दोन वर्षांपूर्वी अकरावीला गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण चालू असताना तो नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहिला. दुसऱ्या दिवशी एक मुलगी वही घेऊन टेबलापाशी आली. तिच्या वडिलांची मासेमारीची होडी आहे, त्यामुळे भरतीची वेळ हा तिच्या घरात रोजच्या बोलण्याचा विषय. तिने पंधराही तिथींचे कोष्टक मांडले होते. ती म्हणाली, "सर, पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण. बाकी सगळ्या दिवशी भरती पाऊण तासाने पुढे जाते, मग त्या एकाच दिवशी दीड तासाने कशी जाईल?"

मी त्या वहीकडे बराच वेळ पाहत राहिलो. जो हिशेब मी तीस वर्षे वापरला, त्यातली फट मला कधी दिसली नव्हती, कारण मी तो हिशेब म्हणून पाठ केला होता. तो कशाचा हिशेब आहे हे स्वतःला विचारले नव्हते. उत्तर शोधायला आम्हांला दहा मिनिटेही लागली नाहीत. एका अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत तीस तिथी होतात, आणि तेवढ्या काळात आकाशातला चंद्र सूर्याच्या मागे मागे पडत बरोबर एक पूर्ण फेरा मागे पडतो. एक फेरा म्हणजे चोवीस तास, म्हणजे १,४४० मिनिटे. त्यांना तीसने भागले की तिथीमागे ४८ मिनिटे येतात. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. प्रत्येक तिथीला तीन मिनिटांची तूट राहते, ती पंधरा तिथींत साचून पाऊण तास होते, आणि प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली की ती सगळी तूट एका दिवसात भरून निघते. खरा गुणक चार-पंचमांश आहे, त्याने पौर्णिमेला बारा येतात. माझा तर्क असा की चार-पंचमांशपट तोंडी काढणे तरीवर उभ्या असलेल्या माणसाला अवघड, पाऊणपट मात्र आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जिभेवर बसलेली. म्हणून तीन मिनिटे सोडून देऊन लोकांनी सोपा आकडा धरला असावा.

या लेखात मला जे सांगायचे आहे ते सगळे त्या वहीत होते. सूत्र उत्तर देते, पण आपण कुठे चुकतो हे सूत्र स्वतः कधी सांगत नाही. ते सांगते त्यामागचे तत्त्व.

हे मला फार आधी कळायला हवे होते. बारावीनंतर मी एका शहरात खासगी शिकवणीला जात होतो. तिथे आम्हांला सूत्रांची एक छोटी पुस्तिका दिली होती आणि प्रत्येक गणितात 'दिलेल्या राशी कोणत्या, विचारलेली राशी कोणती, दोन्ही असलेले सूत्र कोणते' एवढेच शोधायचे, असा तिथला परिपाठ होता. पुढे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षेत एक प्रश्न आला : समुद्रसपाटीपासून २० मीटर उंचीच्या बुरुजावरून तोफेचा गोळा सेकंदाला १०० मीटर वेगाने आडवा सुटला, तर तो किती अंतरावर पाण्यात पडेल? मला प्रक्षेपकाच्या पल्ल्याचे सूत्र तोंडपाठ होते. वेगाचा वर्ग, गुणिले दुप्पट कोनाची ज्या (साइन), भागिले गुरुत्वत्वरण. गोळा आडवा सुटलेला, म्हणजे कोन शून्य, म्हणजे ज्या शून्य, म्हणजे पल्ला शून्य. मी उत्तरपत्रिकेत शून्य मीटर असे लिहिले आणि खाली दोन रेघा ओढल्या. लहानपणी सिंधुदुर्गाच्या तटावर उभे राहून मी शेकडो खडे समुद्रात भिरकावले होते, आणि त्यांतला एकही माझ्या पायाशी पडला नव्हता. तरीही परीक्षेच्या त्या बाकावर मी माझ्या डोळ्यांपेक्षा पुस्तिकेवर अधिक विश्वास ठेवला, याचे दुःख मला गुण गेल्याच्या दुःखापेक्षा कितीतरी जास्त झाले.

ते सूत्र खोटे नाही. गोळा ज्या पातळीवरून सुटला त्याच पातळीवर परत येतो तेव्हाच ते लागू पडते, एवढी अट त्याच्या पोटात आहे आणि ती सूत्राच्या अक्षरांत कुठेच दिसत नाही. गॅलिलिओने १६३८ साली जे मांडले ते लक्षात असते तर सूत्राची गरजच पडली नसती : आडवी गती आणि उभी गती एकमेकींच्या आड येत नाहीत. गोळा आडवा कितीही जोरात जावो, २० मीटर खाली पडायला त्याला हातातून नुसत्या सोडलेल्या दगडाइतकाच, म्हणजे सुमारे दोन सेकंद, वेळ लागतो. आणि दोन सेकंदांत सेकंदाला १०० मीटर वेगाने तो २०० मीटर जातो. एवढे तोंडी होते.

आता मी टेबलाच्या अलीकडच्या बाजूला आहे आणि मुले पाठांतराकडे का वळतात हे रोज पाहतो. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात सातत्याने पहिला येतो, याचा मला अभिमान आहे, आणि आमच्या मुलांच्या कष्टांविषयी शंका घ्यायला जागा नाही. पण दहावीपर्यंत मराठीतून शिकलेले मूल अकरावी विज्ञानाला आले की एका उन्हाळ्यात त्याचे सगळे शब्द बदलतात. त्वरणाचे अ‍ॅक्सिलरेशन होते, संवेगाचे मोमेंटम होते, कार्य, बल, विस्थापन हे ओळखीचे शब्द दिसेनासे होतात. पुस्तकातले वाक्य कळत नाही, आणि वाक्य कळले नाही की मूल त्या पानावर जे ओळखीचे उरले आहे त्याला धरते. ओळखीची उरलेली असतात ती अक्षरे : व्ही, यू, ए, टी. बुडणारा माणूस हाताला लागेल ते धरतो, त्यात त्याचा दोष काय? म्हणून पाठांतर करणाऱ्या मुलांना आळशी म्हणणारे शिक्षक मला पटत नाहीत. ती मुले आळशी तर नाहीतच, उलट ती नको तिथे अपार मेहनत करत असतात.

म्हणून अकरावीच्या पहिल्या महिन्यात मी एकच गोष्ट करून घेतो. समीकरण फळ्यावर लिहायचे आणि मुलांनी ते मराठी वाक्य म्हणून वाचायचे. 'एस बरोबर यू टी अधिक अर्धा ए टी वर्ग' हे म्हणायला सगळ्यांना येते. त्याचे वाक्य करायला सांगितले की वर्ग गप्प होतो. मग कुणीतरी हळूच सुरुवात करते : वेग वाढलाच नसता तर जेवढे अंतर कापले असते ते आधी मोजायचे, आणि वेग वाढत गेल्यामुळे जे जास्तीचे कापले ते त्यात मिळवायचे. इथवर आले की मी विचारतो, तो अर्धा कुठून आला? बहुतेक मुलांच्या मते तो सूत्रातच असतो. कुडाळ स्थानकातून गाडी सुटते. सुरुवातीला वेग शून्य, काही वेळाने समजा सेकंदाला २० मीटर. वेग एकसारखा वाढत गेला असेल तर एवढ्या वेळातला सरासरी वेग किती? दहा, असे सगळे एका सुरात सांगतात. तोच तो अर्धा. ज्या क्षणी मुलांच्या हे लक्षात येते तेव्हा वर्गात एक विशिष्ट आवाज उठतो. तो ऐकण्यासाठी मी वर्षभर थांबायला तयार असतो. आणि अर्धा कुठून आला हे कळले की तो कधी नसेल हेही कळते. इंजीन सुरुवातीला जोर लावते आणि वेग वाढला की तो वाढण्याचा जोर कमी होतो, त्यामुळे खऱ्या गाडीला सरासरी बरोबर निम्मी येणार नाही, हे एका मुलाने मी न विचारता सांगितले होते.

माझ्या हिशेबाने शालेय भौतिकशास्त्रात मुठीत मावतील एवढीच तत्त्वे मनात पक्की हवीत. न्यूटनचे गतीविषयक नियम आणि गुरुत्वाकर्षण, जे त्याने १६८७ साली जगापुढे ठेवले; ऊर्जा आणि संवेग यांची अक्षय्यता; सगळे पदार्थ अखंड हालचालीत असलेल्या कणांचे आहेत हे भान; आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंची एकके जुळलीच पाहिजेत ही शिस्त. विद्युत आणि चुंबकत्वाची थोडी भर पुढे पडते. बाकी पुष्कळसे यांतून काढता येते, आणि जे निघत नाही ते मोजून पाहावे लागते. निघणारे आणि मोजावे लागणारे यांतला फरक ओळखणे हा तर या विषयाचा गाभाच आहे.

ऊर्जेचे उदाहरण मी नेहमी माडाचे देतो, कारण आमच्या वर्गाच्या खिडकीतून चार माड दिसतात. वीस मीटर उंचीवरून नारळ सुटला तर जमिनीवर किती वेगाने आपटेल? गतीच्या तीन समीकरणांतले कोणते लावायचे याची चर्चा मी होऊ देत नाही. वर असताना नारळापाशी उंचीमुळे जेवढी स्थितिज ऊर्जा होती, तेवढीच खाली पोचताना गतिज ऊर्जा झाली, एवढेच म्हणायचे. वस्तुमान दोन्ही बाजूंना आहे, ते गेले. गुरुत्वत्वरण सोयीसाठी दहा धरले तर वेगाचा वर्ग चारशे, वेग सेकंदाला २० मीटर, म्हणजे तासाला ७२ किलोमीटर. हवेमुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी भरेल, पण महामार्गावरच्या मोटारसायकलइतक्या वेगाने नारळ येतो हे कळल्यावर माडाखाली सायकल लावणारी मुलेही जागा बदलतात. मग त्याच माडावरून सुटलेली सुकी झावळी, ज्याला आम्ही चुडत म्हणतो, ती का तरंगत तरंगत येते? तिला तेच सूत्र लावले तर तोच वेग येतो आणि तो उघडच चुकीचा आहे. सूत्र इथे मोडले. तत्त्व मोडले नाही : झावळीची ऊर्जा वाटेत हवा ढवळण्यात खर्च झाली, आणि ती कुठे गेली हे शोधायला लावणे हेच त्या तत्त्वाचे काम आहे.

या तत्त्वाचा जन्मही एखाद्या समीकरणातून झालेला नाही. युलिउस रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर १८४० साली जहाजावरून जावाला गेला होता. तिथल्या उष्ण हवेत खलाशांच्या शिरांतले रक्त त्याला युरोपातल्यापेक्षा अधिक लाल दिसले. शरीर ऊबदार ठेवण्यासाठी उष्ण प्रदेशात कमी जाळावे लागते, म्हणून रक्तातला प्राणवायू कमी खर्च होतो, असा विचार करत तो उष्णता आणि कार्य ही एकाच गोष्टीची दोन रूपे आहेत इथवर पोचला, आणि १८४२ साली त्याने ते प्रसिद्ध केले. दमट किनाऱ्यावर घाम पुसत शिकणाऱ्या आमच्या मुलांना ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

पुन्हा समुद्राकडे वळतो, कारण तत्त्व हातात असले की किती दूर जाता येते हे मला तिथेच सर्वांत स्पष्ट दिसते. भरती चंद्राच्या आकर्षणामुळे येते, हे पाचवीतले मूलही सांगते. पण चंद्र पाणी आपल्याकडे ओढतो, तर चंद्राच्या विरुद्ध बाजूला भरती का यावी? दिवसात दोन भरत्या का? गुरुत्वाकर्षण अंतराबरोबर कमी होते, एवढ्याच गोष्टीत याचे उत्तर आहे. मी मुलांना खाडीच्या मुखाशी एका रांगेत सोडलेल्या तीन होड्या डोळ्यांसमोर आणायला सांगतो. ओहोटीचा ओढ समुद्राकडे आहे आणि मुखापाशी तो अधिक जोराचा आहे. तिन्ही होड्या समुद्राकडेच चालल्या आहेत. पण पुढची वेगाने जाते, मधली त्याहून सावकाश, मागची सर्वांत सावकाश. मधल्या होडीत बसलेल्या माणसाला काय दिसेल? पुढची होडी आपल्यापासून पुढे सरकते आहे आणि मागची मागे पडते आहे. दोन्ही आपल्यापासून दूर जात आहेत. मधली होडी म्हणजे पृथ्वी, पुढची म्हणजे चंद्राकडच्या बाजूचे पाणी, मागची म्हणजे पलीकडच्या बाजूचे. चंद्र तिघांनाही आपल्याकडेच ओढतो, पण सारखे ओढत नाही, आणि भरती ही त्या फरकाची करामत आहे.

भरती फरकामुळे येते हे एकदा मनात बसले की सूर्याचा प्रश्न आपोआप पुढे येतो. सूर्य पृथ्वीला चंद्राच्या सुमारे १८० पट जोराने ओढतो. मग भरती सूर्याच्या मर्जीने यायला हवी. पण ओढ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, तर जवळच्या आणि लांबच्या बाजूंवरच्या ओढीतला फरक अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटतो, आणि सूर्य चंद्राहून जवळजवळ ३९० पट दूर आहे. त्या १८० ला ३९० ने भागले की उत्तर निम्म्याहून थोडे कमी येते : सूर्याची भरती चंद्राच्या भरतीच्या सुमारे ४६ टक्के. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची बेरीज होते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास वजाबाकी होते, तो भांग. एक अधिक ०.४६ आणि एक वजा ०.४६ यांचे गुणोत्तर काढले तर उधाणाचा चढउतार भांगाच्या पावणेतीन पट निघतो. प्रत्यक्षातले आकडे किनाऱ्यागणिक वेगळे असतात. मुंबईला मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढलेले असते, मालवणकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास, कारण मुंबईपुढचा समुद्रतळ उथळ आणि रुंद आहे. आकाशातल्या गणितातून हे निघत नाही, ते किनाऱ्यावर येऊन मोजावे लागते.

एककांच्या शिस्तीविषयी वर ओझरते लिहिले, तिचा एकच दाखला देतो. पावसाळा सरत आला की देवबाग-तारकर्लीच्या किनाऱ्यावर उभे राहून पाहावे. वारा नैर्ऋत्येकडून तिरका येत असतो, तरी लाटा मात्र किनाऱ्याला जवळजवळ सरळ समोरून भिडतात. का? उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग कशाकशावर अवलंबून असेल याचा विचार करा. लाट खाली ओढणारे गुरुत्व आहे, आणि पाण्याची खोली आहे. पाण्याच्या वजनाचा प्रश्न येत नाही, कारण जड पाण्यावर ओढ जास्त आणि ते हलवायला जोरही तितकाच जास्त. गुरुत्वत्वरणाला खोलीने गुणले तर एकक येते मीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग. त्याचे वर्गमूळ काढले की मीटर दर सेकंद. या दोन राशींतून वेग तयार करण्याचा दुसरा मार्गच नाही. मागे एखादा नुसता आकडा गुणक म्हणून असू शकतो, तो एककांवरून कळत नाही; पण इथे तो आकडा १ निघतो. म्हणजे चार मीटर खोलीवर लाट सेकंदाला सुमारे सहा मीटर जाते आणि एक मीटर खोलीवर सुमारे तीन मीटर. तिरक्या लाटेचे जे टोक आधी उथळ पाण्यात शिरते ते मंदावते, दुसरे टोक खोल पाण्यातून भराभर पुढे येते, आणि किनाऱ्याला लागेपर्यंत लाट वळून सरळ झालेली असते. हाच हिशेब ४,००० मीटर खोल समुद्राला लावला तर वेग सेकंदाला २०० मीटर, म्हणजे तासाला ७२० किलोमीटर येतो, आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी हिंदी महासागर ओलांडताना किती वेगाने गेली असेल त्याचा अंदाज हाती येतो. रोजची लाट मात्र खोल समुद्रात या हिशेबाने चालत नाही. तिची लांबी तिथल्या खोलीपुढे नगण्य असते, तिला तळ लागतच नाही, म्हणून खोलीच्या जागी लाटेची लांबी येऊन बसते. त्सुनामीची लांबी शेकडो किलोमीटर असल्यामुळे तिच्या दृष्टीने महासागरही उथळच.

ही तत्त्वे तरी कुठून आली, असे एखादे मूल विचारतेच. एमी नेटर या गणितज्ञ स्त्रीने १९१८ साली जे सिद्ध केले ते मी मुलांना गणित न करता सांगतो : निसर्गाचे नियम काल होते तेच आज आहेत, एवढ्या साध्या गोष्टीतून ऊर्जेची अक्षय्यता निघते, आणि ते इथे आहेत तेच तिथे आहेत, यातून संवेगाची. ग्यॉटिंगेनच्या विद्यापीठात तिला कित्येक वर्षे पगाराशिवाय काम करावे लागले, हेही सांगतो, विशेषतः मुलींना.

पालक मला विचारतात की सीईटीला दीड तासात भौतिक आणि रसायनाचे मिळून शंभर प्रश्न असतात, प्रश्नाला मिनिटही मिळत नाही, तिथे तुमचे तत्त्व काय कामाचे? प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळत नाही. परीक्षेच्या दिवशी सूत्र जिभेवर हवेच. मात्र जे सूत्र मुलाने स्वतःच्या हाताने तत्त्वापासून पाच-सहा वेळा काढले आहे ते वेगळे पाठ करावे लागत नाही, आणि ऐन वेळी विसरले तर पुन्हा उभे करता येते. पहिल्या सहामाहीत आमचा वर्ग इतरांच्या मागे असतो, तेव्हा घरून काळजीचे फोन येतात. दुसऱ्या सहामाहीत प्रकरणे भराभर पुढे सरकतात, कारण नवे म्हणून फार थोडे उरलेले असते. सगळ्यांचे असे होत नाही. काही मुलांना शेवटपर्यंत तयार सूत्राचाच आधार लागतो, आणि त्यांच्यापाशी बसून मी तेही करतो.

त्या मुलीची गोष्ट मात्र पौर्णिमेच्या कोष्टकापाशी संपली नाही. मार्गशीर्षातल्या एका पौर्णिमेला ती जेटीवर जाऊन बसली, खांबावर खडूच्या खुणा करत राहिली, आणि पाणी चढायचे नेमके केव्हा थांबले ते तिने टिपून आणले. अकराच्या जरा पुढे. "सर, सव्वाअकराच बरोबर आले. तुमचे बारा चुकले." मी गोंधळलो आणि मग मला आजोबांची पेरे आठवली. चंद्र डोक्यावर आल्यापासून पाणी चढून पुरे व्हायला किती वेळ लागतो, हे प्रत्येक बंदराचे आपले आपले असते, आणि आमच्याकडची भरती मुंबईच्या मानाने बरीच आधी पुरी होते. आजोबा वजा करत होते ते हेच. पाऊणपटीची साचलेली तूट आणि बंदराचा फरक पौर्णिमेला एकमेकांत मिसळून गेले होते, त्यामुळे चुकलेला हिशेब त्या एका दिवशी बरोबर ठरला होता.

मी तिला पुढचे पंधरा दिवस नोंदी करायला सांगितले. तिने त्या केल्या, आणि त्यांत रोजचा फरक ४८ मिनिटे असा जवळजवळ कुठेच नव्हता. उधाणाच्या दिवसांत तो चाळिशीच्या आसपास होता, भांगाच्या दिवसांत तासाच्या वर गेला होता. ते पाहून मला फार आनंद झाला. फळ्यावर आम्ही दोन लाटा काढल्या : सूर्याची, जिचा माथा रोज घड्याळाच्या एकाच वेळी येतो, आणि चंद्राची, तिच्याहून दुपटीने मोठी, रोज सुमारे ४८ मिनिटांनी उजवीकडे सरकणारी. दोघींची बेरीज केली की एकच माथा दिसतो. उधाणानंतर चंद्राची लाट पुढे सरकू लागते तेव्हा सूर्याची लाट त्या माथ्याला मागे धरून ठेवते, म्हणून तो सावकाश सरकतो. भांगाला चंद्राचा माथा सूर्याच्या खळग्यावरून जातो आणि पलीकडे गेला की सूर्याचा पुढचा माथा त्याला पुढून ओढून घेतो, म्हणून तिथे तो झपाट्याने जातो. सरासरी मात्र अठ्ठेचाळीस-पन्नासच्याच आसपास राहते.

दुसऱ्या दिवशी तिने आलेखाच्या कागदावर बेरजेची वक्ररेषा काढून तिच्यावर जेटीवरच्या नोंदींचे ठिपके मांडून आणले. दोन ठिपके सोडून बाकी सगळे रेषेच्या अगदी लगत होते. त्या दोन ठिपक्यांसमोर समासात तिने पेन्सिलीने लिहिले होते : जोराचा वारा.